न्हाणीघराची भिंत

"मग बॅटरी तिच्या हातात का दिलीत?" वामनने विचारलं.

नाना चिंचोरे न्हाणीघराच्या भिंतीकडे बघत राहिले. हात नेहमीसारखे पाठीमागे.

जुनं घर विकत घेण्याआधी रत्नागिरीची माणसं ते नानांना दाखवत. अ‍ॅस्बेस्टॉस कुठे असू शकेल ते नाना सांगत; त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की वर्षांनी जीवावर बेततात. नानांचा नियम एकच होता. पहिली फेरी हात मागे ठेवून, फक्त डोळ्यांनी.

यंदा नाना काम सोडणार होते. त्यांची पितळी बॅटरी ज्याच्या हाती जाईल, त्यानेच पुढे घरं बघायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वामन आडिवरेकरने नऊ वर्षं त्यांची पिशवी उचलली. आणि आज सकाळी नानांनी ती बॅटरी रेश्मा तांबोळीला दिली. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला. तेव्हापासून वामनचा नुसता जळफळाट चालला होता.

"नाना, तिला येतं काय? छपराचा पत्रा बघितला, लिहिलं 'असू शकेल, नमुना तपासावा'. बंबाच्या नळीवरचं पांढरं वेष्टण बघितलं, पुन्हा तेच. मी फाटकातून सांगितलं होतं, पत्र्यात आहे, नळीवर आहे, आणि या भिंतीला ठोकलेल्या तक्त्यातही आहे."

"सांगितलंस खरं."

"मग बरोबर ना?"

"कुणास ठाऊक..."

वामनचं डोकंच फिरलं. नऊ वर्षांनी 'कुणास ठाऊक'! दारात रेश्मा बॅटरी घेऊन उभी होती, एक हात पाठीमागे. तो हात बघून तर त्याला आणखीच राग आला. किती शहाणी बनते, असं त्याला वाटलं.

"थांबा, दाखवतोच."

त्याने खिशातून पेचकस काढला. भिंतीच्या तक्त्यावर तैलरंगाचे जाड थर होते. त्याने कोपऱ्यात पेचकस घातला आणि जोर दिला.

कोपरा कट्कन तुटला.

"हे बघा नाना. तंतू. आता बोला."

झरोक्यातून ऊन आत येत होतं. त्या उन्हात पांढरी धूळ सावकाश वर चढत गेली.

घराच्या मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. नानांनी पाठीमागचा हात काढून समोर धरला.

"बाई, तिथंच थांबा. आत येऊ नका. रेश्मा, तू मागे हो आणि बाहेरचा पंखा बंद कर."

पंखा थांबला. नानांनी नाकाला मास्क लावला, पिशवीतून पाण्याच्या फवाऱ्याची बाटली काढली आणि तुटलेला कोपरा भिजवला. फरशी भिजवली. तुकडा उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तिचं तोंड बांधलं. कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली.

मग ओल्या फडक्याने त्यांनी वामनच्या बाह्या पुसल्या. खांदे पुसले. भुवया पुसल्या.

वामनचे डोळे भरून आले.

"चुकलं नाना. हात मागे ठेवायला मीच तिला शिकवलं होतं."

"हं..."

"तुम्ही तिला बॅटरी दिलीत, ते मला सोसलं नाही."

नाना फडक्याची घडी करत राहिले.

वामनने तुटक्या कोपऱ्याकडे बघितलं आणि अखेर त्याला राहवलं नाही.

"पण तंतू होते ना, नाना? मी म्हणालो तेच निघालं ना?"

नानांनी फडकं त्याच्या हातात ठेवलं.

"असलेच तर साठ वर्षं भिंतीत होते, वामन. छातीत आज गेले."