गाळातला नांगर

फार जुन्या काळी एका लोहाराने एकाच कांबीतून होडीचे दोन नांगर घडवले. थोरल्याचा दोर पहिल्याच दिवशी तुटला आणि तो तळ्याच्या गाळात खोल रुतून बसला. धाकटा खाडीच्या तोंडाशी राबत राहिला.

बऱ्याच वर्षांनी तळं आटलं, तेव्हा लोहाराने थोरल्याला उचलून अंगणात आणलं. तिथे धाकटा पडला होता, गंजून अर्धा झालेला.

"काय रे ही दशा!" थोरला म्हणाला. "माझ्या अंगावर एक पोपडा नाही. तू स्वतःला जपलंच नाहीस."

"खारं पाणी, दादा," धाकटा ओशाळून म्हणाला. "भरतीला बुडायचं, ओहोटीला उघडं पडायचं. मिठाने आणि वाऱ्याने खाल्लं. गाळात तुला वारा लागला नसेल."

तेवढ्यात नागूबाई कोळीण आली. तिने धाकट्याला हात जोडले. "वादळात माझी पोरं यानंच धरून ठेवली," ती लोहाराला म्हणाली. "आता त्याच्या जागी हा दुसरा द्या."

थोरल्याला मान वर करवेना. त्याने आजवर काहीच धरलं नव्हतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "धाकट्या, वादळात कसं धरून राहायचं, ते मला शिकवशील?"