आकडा बरोबर, मासे चुकले

खाडीकाठच्या एका गावाला एक भोळा जावई मिळाला होता. नाव गोपीनाथ. त्याला जे सांगाल ते तो करायचा, आणि सांगाल तस्संच करायचा. सासरची माणसं म्हणायची, "जावई कसा आज्ञाधारक आहे!" त्याच्या माहेरची, म्हणजे त्याच्या आईवडिलांची, माणसं यावर काही बोलायची नाहीत.

सासरे तात्या केरकर, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी काचेच्या टाकीत डिस्कस मासे पाळले होते. बशीएवढे गोल, लाल पट्ट्यांचे, महानाजूक. सहा वेळा अंडी घातली, सहाही वेळा फुकट गेली. सातव्या वेळी चाळीस पिल्लं निघाली आणि नेमकी तेव्हाच कोल्हापुरातून तात्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली.

टाकीचं सगळं काम तात्यांची मुलगी, म्हणजे गोपीनाथची बायको कुंदा, लहानपणापासून करत होती. पण जावई घरी आलेला असताना मुलीवर भार टाकणं बरं दिसत नाही. म्हणून तात्यांनी पीएच मीटर जावयाच्या हातात दिलं. दिसायला पेनासारखं, खाली काचेचा गोळा. पाणी आंबटाकडे झुकतंय की चुन्याकडे, ते आकड्यात सांगायचं.

"जावईबापू, या माशांना पाणी किंचित आंबट लागतं. साडेसहा. टाकीवर चिठ्ठी चिकटवलीय. आणि हा गोळा कधी सुकू द्यायचा नाही. कायम ओला ठेवायचा."

"बरं मामा."

तात्या आणि मामी, म्हणजे सासूबाई, कोल्हापूरला गेले. गोपीनाथने नळ सोडला आणि मीटर खाली धरलं. दहा वाजता धरलं, एक वाजेपर्यंत धरलं. एक वाजता कुंदाने तोंडाला साबण लावला आणि गच्चीवरची टाकी संपली.

कुंदाने साबणाच्या तोंडाने वडिलांना फोन लावला. तात्या म्हणाले, "अहो जावईबापू, नळाखाली नाही! टोपणात साठवणीच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, टोपण घट्ट लावायचं आणि विसरून जायचं."

"बरं मामा."

गोपीनाथने वाक्य पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी कुंदा मासळी आणायला निघाली. जाताना म्हणाली, "तांदूळ धुऊन ठेवलेत. तेवढा कुकर लावा." गोपीनाथने कुकरमध्ये दोन थेंब पाणी टाकलं. झाकण घट्ट लावलं. आणि विसरून गेला. विसरायला त्याला अंगणात जाऊन बसावं लागलं, कारण घरात फार वास येत होता.

कुंदाने काळा कुकर त्याच्यापुढे आपटला. "तुम्हाला कळत नाही?"

"कळत होतं," गोपीनाथ म्हणाला. "पण विसरायचं होतं."

तात्यांनी फोनवर समजूत घातली. "तो नियम मीटरचा होता, भाताचा नव्हे. असू दे. आता ऐका. मीटर वापरल्यावर डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. पण गोळा पुसायचा नाही हं. ओरखडे पडतात. नुसतं टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं."

"बरं मामा."

पुसणं म्हणजे विचारणं आणि टिपणं म्हणजे लिहून ठेवणं, हे गोपीनाथला शाळेपासून माहीत होतं. त्याने वही आणि पेन्सिल काढली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंदाला परसातला तांब्याचा बंब दिसेना. "अहो, बंब कुठे गेला?"

गोपीनाथने वही उघडून वाचलं. "सव्वाचार वाजता एक माणूस आला. उंच. मिशा. निळा शर्ट. बंब उचलला. म्हणाला, जरा पलीकडून हात लावा. लावला. टेम्पोत चढवला. टेम्पो पांढरा."

"आणि तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत?"

"पुसायचं नाही, टिपायचं."

कुंदाने वही घेतली आणि त्याच्या डोक्यावर मारली. त्याने तेही टिपलं.

चौथ्या दिवशी तात्यांचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, तरी फोन हातात. "जावईबापू, आज मीटर जुळवून घ्यायचं. दोन बाटल्या आहेत. एकीवर सात लिहिलंय, दुसरीवर चार. आधी सात, मग चार. थोडं द्रावण वाटीत काढायचं, त्यात मीटर बुडवायचं. आणि एकदा बाहेर काढलेलं परत आत घ्यायचं नाही. सगळं नासतं."

"बरं मामा."

गोपीनाथने घड्याळात सातचा गजर लावला. पाचव्या दिवशी सकाळी सातला सातची बाटली उघडली. मग चार वाजण्याची वाट बघत बसला. बसल्या बसल्या त्याला खिडकीतून दिसलं, दोरीवरचा टॉवेल उडतोय. त्याने कुंदाला हाक मारून बाहेर पाठवलं. ती गेली. त्याने दार लावलं.

"अहो, दार उघडा!"

"एकदा बाहेर काढलेलं परत आत घेत नाहीत."

"मी कुंदा आहे!"

"सगळं नासतं," गोपीनाथने आतून समजावलं.

कुंदा पायरीवर बसली. दार वाजवून हात दुखले. शेवटी हातातला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून ती वाडीतल्या आत्याकडे निघून गेली. जाताना जे बोलली ते शेजाऱ्यांना अजून पाठ आहे.

आता घरात गोपीनाथ आणि मासे. चार वाजता तात्यांचा फोन आला.

"मामा, सातच्या बाटलीत मीटर साडेसात दाखवतंय."

"मग दाखवू दे. मागे बारीक स्क्रू आहे. पेचकसाने फिरवा. बाटलीवर सात लिहिलंय ना? मीटर काहीही म्हणो, लिहिलंय तो आकडा आणायचा. चारचंही तसंच. मग टाकीचं पाव पाणी बदला आणि आकडा बघा."

"बरं मामा."

मीटर अगदी सुरेख जुळलं. आयुष्यात पहिल्यांदा गोपीनाथने एक काम नीट केलं होतं. त्याला फार बरं वाटलं. माशांचं पाणी मागच्या निळ्या पिंपात साठवलेलं होतं, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बोअरचं पाणी आणून टाकीत ओतलं. मीटर बुडवलं. आकडा आला आठ.

गोपीनाथने चिठ्ठी बघितली. चिठ्ठीवर साडेसहा लिहिलं होतं. त्याने पेचकस घेतला आणि साडेसहा आणलं.

सहाव्या दिवशी सकाळी तात्यांनी विचारलं, "पीएच किती?"

"साडेसहा."

"शाब्बास! आणि मासे?"

"मासे चुकतायत, मामा."

"म्हणजे?"

"आकडा बरोबर आहे. तरी वर येऊन तोंड उघडतायत. काही आडवे झालेत."

तात्या पट्टीसकट पलंगावर उठून बसले आणि त्यांनी बहिणीकडे फोन लावला. कुंदा आत्याच्या घरून अनवाणी धावत आली. या वेळी तिने दार वाजवलं नाही. मागची खिडकी ढकलून आत उतरली. पिंपातलं पाणी तिने तांब्या-तांब्याने घालायला घेतलं. मोठी जोडी वाचली. चाळीस पिल्लांतली अकरा उरली. उरलेली एकोणतीस तिने जास्वंदीखाली पुरली आणि मग तिथेच बसून रडली. गोपीनाथ शेजारी उभा होता. तिला उगी राहायला सांगा असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

आठव्या दिवशी तात्या परत आले. त्यांनी एका डोळ्याने टाकी बघितली. तोंडात शिव्या आल्या. पण ओसरीवर गावचे सरपंच विचारपूस करायला बसले होते आणि मामी जावयाला चहा देत होती. चारचौघांत जावयाचा अपमान कसा करायचा? तात्यांनी शिव्या गिळल्या आणि म्हणाले, "काही म्हणा, आमच्या जावईबापूंचा आकडा एकदाही चुकला नाही."

सरपंचांनी बशी खाली ठेवली. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही," गोपीनाथ म्हणाला.

गावच्या पाण्याच्या टाकीवर पाणी तपासायला माणूस हवाच होता. पहिल्या तारखेपासून गोपीनाथ रुजू झाला. त्याने विचारलं, "आकडा किती आणायचा?" सरपंच कागद बघून म्हणाले, "सात."

पुढे एकदा कुणीतरी टाकीत ब्लीचिंग पावडरची अख्खी गोणी ओतली. गावाचे घसे जळायला लागले, पोटं ढवळायला लागली. दवाखान्याची रांग पिंपळापर्यंत गेली. डॉक्टर तणतणत टाकीवर आले. गोपीनाथने नोंदवही पुढे केली. सोमवार सात, मंगळवार सात, बुधवार सात.

"अरे, मग ही माणसं आजारी कशी?"

"माणसं चुकतायत, डॉक्टर."

डॉक्टरांनी पिशवीतून स्वतःचं मीटर काढलं आणि पाण्यात बुडवलं. साडेनऊ! त्यांनी ते सरपंचांच्या नाकासमोर धरलं. सरपंचांचा चेहरा पांढरा पडला. सगळे गोपीनाथकडे बघू लागले.

गोपीनाथने डॉक्टरांच्या हातातून मीटर अलगद काढून घेतलं. खिशातून पेचकस काढला. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, बराच वेळ फिरवत बसला. मग मीटर पुन्हा पाण्यात बुडवलं आणि डॉक्टरांना परत दिलं.

"घ्या," तो म्हणाला. "आता रांगेतल्या सगळ्यांना घरी जायला सांगा."