उजवा कौल, आखूड दोर

दोष वैजनाथ दळवीचा होता.

हे आधीच लिहून टाकतो. कारण आमच्या गावातली जाणती म्हणवणारी माणसं अकरा दिवस एवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलली. झाडच वाईट होतं. वारा फिरला. जानबाच्या कपाळावर तेवढंच लिहिलं होतं. सत्तर-सत्तर पावसाळे बघून एवढीच अक्कल येत असेल, तर कठीण आहे.

बाराव्याच्या आदल्या दिवशी दळवी देवीच्या देवळात आला. पायरीवरच थांबला.

"मग जानबा मेला कसा, ते सांगा."

देवीची पूजा करणाऱ्या आक्का समई चिंचेनं घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उजवा कौल दिलता देवीनं. तुमच्यासमोर. पाकळ्या तुमीच लावल्यासा. मग झाड माणसावर पडलं कसं?"

...

दळवी झाडं पाडायचे ठेके घेतो. घाटाखालपर्यंत त्याच्या टोळ्या जातात. वीस वर्षांपूर्वी त्यानं आक्कांकडून उपदेश घेतला, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. कुठलंही मोठं झाड पाडायचं तर तो आधी देवीला कौल लावतो. दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर काम करायचं. डावी पडली तर त्या दिवशी कुऱ्हाड उचलायची नाही.

जानबा त्याच्या टोळीतला माणूस. आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा, तानूचा, नवरा.

"काय इचारलंस तू देवीला?" आक्का म्हणाल्या.

"इचारलं की. त्ये ऐनाचं झाड पाडू का, म्हणून."

"मग?"

"उजवी पडली. पाड म्हणाली."

"पडला का ऐन?"

"...पडला."

"मग देवी खोटी कुठं ठरली?"



"आक्का, माणूस मेलाय."

"ते तू इचारलं नव्हतंस."

...

दळवी चिडला. चिडण्याएवढी हिंमत त्याच्यात होती, हे मान्य करायला हवं. आमच्याकडं बाकीचे आक्कांसमोर नुसते हात जोडून उभे राहतात.

"मग तुमी का न्हाई सांगितलं, हे इचार म्हणून? वीस वर्सं तुमच्या पायाशी बसतोय."

"न्हाई सांगितलं."

"मग तुमचाबी दोष हाय."

"हाय."

भांडायला आलेल्या माणसाला एवढं सरळ उत्तर मिळालं की त्याचा पाय घसरतो. मोठी माणसं चूक कबूल करतात, तेव्हा समोरच्यानं काय करायचं असतं, याची आमच्याकडं कुणालाच सवय नाही.

"त्या दिवसापासनं कौल बंद केलाय मी," आक्का म्हणाल्या. "लोक शिव्या देत्यात. देऊ देत."

"असं कसं बंद करता?"

"पाकळ्या लावायच्या न्हाईत. झालं."

...

दळवी पायरीवर बसला. त्याच्या काखेत पिशवी होती. पिशवीत साडी. बारावं झालं की भावानं विधवा बहिणीला न्यायची असते, ती.

"तानूनं सांगावा धाडलता," तो म्हणाला. "चार दिस झालं."

"काय म्हणाली?"

"दादाला म्हणावं, ये. पण माझा माणूस कशानं मेला, ते सांगायला ये. न्हाईतर येऊ नको."

"मग गेला न्हाईस?"

"जाऊन काय सांगू? मलाच कळंना. नारळ फोडला, कौल घेतला, झाडाच्या पाया पडलो. काय कमी केलं मी?"

आक्कांनी चिंचेचा आणखी एक गोळा घेतला.

"उद्या तुमी चला माझ्यासंगं. तुमी म्हणालात की देवीचीच मर्जी, तर ती ऐकंल. तुमचं ऐकती ती."

"आन् मी तसं म्हणाले न्हाई तर?"

"तर ती दार लावंल." दळवीनं काखेतली पिशवी पायरीवर ठेवली. "आई गेली तवा पाच वर्सांची हुती ती. मी वाढवली. माझं दुसरं कोण हाय, आक्का?"

समई घासून झाली होती. आक्कांनी ती पालथी घातली. मग अंगणाकडं हात केला.

"त्यो सिल्वर ओक पाड आधी."

"...काय?"

"वाळलाय. देवळावर झुकलाय. बायका खालनं जायला भित्यात. पाड."

"आत्ता?"

"तू हायस. दोर हाय. कौल लावायचा का?"

"ह्येला कशाला कौल," दळवी वैतागून म्हणाला. "वाळकं झाड."

मी काय विचारायला आलो आणि ही म्हातारी काय काढून बसली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण आक्कांनी सांगितलं की करायचं, ही वीस वर्षांची सवय. अशा सवयींनीच आमच्याकडं बरंच काही होतं, चांगलं कमी आणि वाईट जास्त. असो. तो उठला.

दोर ओवरीच्या कोपऱ्यात पडला होता. त्यानं उचलला, झटकला, खांद्यावर घेतला. कुणाचा, कुठला, काही विचारलं नाही.

झाडापाशी गेल्यावर मात्र माणूस बदलला. डोळे बारीक करून त्यानं शेंडा बघितला. झाडाला एक फेरी मारली. बुंध्यावर थाप मारून आवाज ऐकला.

"देवळाकडं झुकलंय. म्हंजे ओढायचं उलट्या बाजूला," तो म्हणाला. "दोर वर बांधायचा, पाऊण उंचीवर. खाली ह्या बाजूनं खाच घ्यायची. मग सावकाश ओढायचं."

"कुठं उभं ऱ्हायचं?"

"दावतो की."

दोराचं एक टोक त्यानं बुंध्यापाशी दगडाखाली ठेवलं. दुसरं हातात घेऊन मागं मागं चालत गेला. तुळशीवृंदावन ओलांडलं. दोर ताणला गेला आणि तो थांबला.

वर बघितलं.

पायांकडं बघितलं.

परत वर बघितलं.

"आक्का, दोर आखूड हाय."

"ओढून बघ."

"ओढून काय बघू? वर बांधला की आजून आखडंल. शेंडा पार त्या कुंपणापर्यंत जातोय. मी त्येच्या आत उभा हाय."

"मग मागं सर."

"दोरच न्हाई, तर मागं कुठं सरू?"

"झाड यायला लागलं की पळ मग."

दळवी हसला. अकरा दिवसांत पहिल्यांदा हसला असेल.

"आक्का, तुमी पाकळ्याच लावा. सत्तर फुटाचं झाड सुटलं की कोण पळतंय? दीडपट लांब दोर पायजे. वर बघून आरडायला एक माणूस येगळा पायजे. पळायची वाट आधी मोकळी करून ठिवाय पायजे. डोक्याला टोपी पायजे. ह्यातलं काय बी न्हाई आन् म्हणं ओढ."

"तुला सगळं म्हाईत हाय."

"तीस वर्सं ह्योच धंदा करतोय."

"व्हय."

"ह्या दोरानं कोण खुळा ओढील?"

"जानबा," आक्का म्हणाल्या.

...

वारा नव्हता. झाडही हललं नाही.

दळवीनं हातातलं टोक बघितलं. कोयत्याच्या एका घावात सरळ तोडलेलं. पीळ सुटू नये म्हणून निळ्या सुतळीनं गुंडाळलेलं. ती सुतळी त्यानं स्वतः गुंडाळली होती.

जानबा गेला त्या दिवशी दोन ठिकाणी काम होतं. टोळ्या दोन, दोर एक. एकशेवीस फुटांचा. दळवीनं मधोमध तोडला आणि अर्धा अर्धा वाटला. ऐन साठ फुटांचा. जानबानं दोर हातात घेऊन वर बघितलं आणि म्हणाला होता, "मालक, आखूड पडंल." नात्यानं मेहुणा, पण कामावर तो मालकच म्हणायचा.

दळवी म्हणाला होता, "कौल उजवा हाय. ओढ."

हे सगळ्या टोळीनं ऐकलं होतं. नंतर त्यातलं कुणी तो दोर घरी न्यायला तयार होईना. म्हणून देवळात आणून टाकला. टाकला, आणि गप्प बसले. उद्या परत ह्याच मालकाकडं जायचं असतं ना.

दळवी दोर गुंडाळायला लागला. अर्धा गुंडाळला आणि परत सोडला. परत गुंडाळायला घेतला. आपण काय करतोय, हे त्याचं त्यालाच समजत नसावं.

"पण कौल उजवा हुता," तो म्हणाला. हे तो आक्कांना सांगत नव्हता.

"हुता."

"मग मी चुकलो कुठं? म्हंजे दोर... दोराचं कळतंय मला. पण देवीनं सांगितलंतं पाड म्हणून. मग ती बघंल की. तिनं बघाय नको?"

"टोळीचा मालक कोण?"

"मी."

"देवीकडं दोर मागितला हुता का कुणी?"

"...न्हाई."

"कुणाकडं मागितला?"

दळवी खाली बसला. अंगणातच, मातीत. साडीची पिशवी पायरीवर राहिली होती.

वाटेनं दोन माणसं आली, लांबूनच बघून परत फिरली.

"दुसरा अर्धा कुठं हाय?" आक्कांनी विचारलं.

"वरच्या रानात. तिथं आजून सात झाडं हाईत."

"कवा पाडणार?"

"परवा."

"कोण ओढणार?"

त्यानं मान हलवली. माहीत नाही म्हणाला की नको म्हणाला, ते कळलं नाही. मग उठला, दोर खांद्यावर टाकला.

"तिकडं सांगावा धाडतो. नवा दोर आल्याबिगर झाडाला हात लावायचा न्हाई."

आक्कांनी मान डोलावली.

"आन् उद्या तानूकडं जातो. एकटाच. सांगतो तिला. दोर आखूड हुता. जानबानं सांगितलंतं मला. मी ऐकलं न्हाई. दोर मी तोडला."

"सांग."

"तिनं हेच इचारलंतं की. कशानं मेला, ते सांगायला ये म्हणाली. आता मला म्हाईत हाय. आता मी सांगू शकतो."

"सांगू शकतोस."

"मग घेईल न्हवं घरात?"

आक्कांनी पायरीवरची पिशवी उचलली. त्याच्या हातात दिली.

"काल हवालदार आलता तिच्याकडं," त्या म्हणाल्या. "जबाब घ्यायला. मी तिथंच हुते."

"काय म्हणाली?"

"दोराचं समदं तिनंच सांगितलं. तिला पयल्या दिवसापासनं म्हाईत हुतं. टोळीवाल्यांच्या बायकांनी सांगितलंतं."

"...मग मला का इचारलं?"



"शेवटाला हवालदारानं इचारलं, मालक तुझा कोण लागतो?"

दळवीनं पिशवी छातीशी धरली.

"कोण न्हाई, म्हणाली. त्येनं तसंच लिहून घेतलं."