पंधरा ठिपक्यांची डबी

एका राज्यात एक राजा होता, आणि राजाच्या गळ्यात शापित कंठा होता. मांत्रिकाच्या खजिन्यातून त्याने तो हौसेने उचलला, आणि तेव्हापासून कंठा रोज जवभर आवळत होता. उतारा एकच. कंठ्यावर मण्यांचे असे जाळे चढवायचे, की आतल्या शापाचा एक किरणही बाहेर फुटू नये.

काम मणी ओवणाऱ्या येसूकडे आले. तिच्या हाताचा मणी कधी हलत नसे. तिचा धाकटा भाऊ कान्हू सुईत दोरा ओवून देई, एवढेच.

शेवटची ओळ उरली आणि राजाचा दूत तिला बोलवायला दारी आला. येसू उठता उठता म्हणाली, "कान्हू, बारीक मणी काढून ठेव. अडलं तर विचार रे बाबा."

फळीवर दोन डब्या होत्या. एकीवर अकरा ठिपके, दुसरीवर पंधरा. कान्हूला ठिपके मोजता येत, त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. विचारायची लाज वाटली. अकरा कमी, म्हणजे मणी बारीक, असे त्याने ठरवले. वर शहाणपण असे, की ती ओळही स्वतःच ओवून टाकली.

येसूने भावाच्या भरवशावर जाळे राजाच्या गळ्यात चढवले. जाड मण्यांच्या फटीतून एक किरण फुटला आणि तिच्या छातीत शिरला. येसू उभ्याची पडली, ती उठलीच नाही.

"चूक कोणाची?" राजाने विचारले.

"बहिणीची, महाराज. तिची नजर अधू झाली होती," कान्हू म्हणाला.

लोक तिला आंधळी ओवणारीण म्हणू लागले. कान्हू मान खाली घालून ऐके.

एके दिवशी कान्हू नदीकाठी बसला, तिथे सुगरण पक्षी घरटे विणत होता. तो बोलला, "माझ्या विणीत भोक राहिलं तर माझीच पिलं पडतात. तू मात्र तुझं भोक मेलेल्या बहिणीच्या नावावर घातलंस!"

"काय करू?"

"मणी माप. ओळ उसवून पुन्हा ओव. तिसरं तुला ठाऊक आहे."

कान्हूने अंगठा आडवा धरला आणि त्याच्या रुंदीएवढे मणी लावले. एका डबीतले अकरा मावले, दुसरीतले पंधरा. जितके जास्त मावतात, तितका मणी बारीक. एवढीशी गोष्ट. येसूने हसत सांगितली असती. तो तिथेच ओक्साबोक्शी रडला.

मग राजापुढे बसून त्याने ओळ उसवली. बारीक मण्यांत दोनदा सुई मोडली. एकाच मण्याची जागा उरली, आणि तो मणी काही केल्या बसेना. राजाचे ओठ निळे पडले.

कान्हू उठला. भरल्या दरबारात म्हणाला, "येसूची नजर घारीची होती. जाड मणी मी ओवले. विचारायला लाजलो, आणि मग खोटं बोलायला लाजलो नाही."

मणी आपसूक जागेवर सरकला. कंठा तुटून खाली पडला. राजाने पोटभर श्वास घेतला.

"येसूचं नाव राजवाड्याच्या दरवाजावर कोरा," राजा म्हणाला. "आणि तुला काय देऊ?"

"तिची फळी, महाराज."

मांत्रिकाचा खजिना बुजवला गेला, राज्य सुखी झाले. येसू मात्र परतली नाही. त्या राज्यात आजही ओवायला बसणारा आधी अंगठा आडवा धरतो आणि मोठ्याने विचारतो, "यात किती?" आणि त्याला कोणी हसत नाही.