पाठमोऱ्यांचा माळ

बसा. सावलीत बसा, फक्त त्या उभ्या शिळेला टेकू नका. ती ठुमली आहे. तिची पाठ तुमच्याकडे आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. खालच्या मुलखातून पूर्वेच्या रस्त्याने जो कोणी वर येतो त्याला तिची पाठच दिसते. तोंड बघायचं तर कड्याखालच्या पश्चिमेच्या घाटातून बघावं लागेल, आणि ती वाट आता कोणी चढत नाही.

या सपाटीला पाठमोऱ्यांचा माळ म्हणतात. आमची ग्रामसभा इथेच भरते. बाहेरचा कोणी येऊन बोलायला लागला की गावातली निम्मी माणसं त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि निम्मी पाठ करून. नवख्याला तो अपमान वाटतो. मी नुरजी वळवी, या पाड्याचा कारभारी. माझ्या आजाने मला सांगितलं तसं सांगतो, म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल.

फार पूर्वी, म्हणे, खालचा राजा आणि डोंगरातले भिल यांच्यात एक करार होता. लिहिलेला नव्हता. वाघदेवासमोर मोहाच्या दारूची धार सोडून दोघांनी तोंडाने बोललेला होता. डोंगराचा न्याय डोंगरातच होईल, झाड तोडायचं की राखायचं ते पाडे ठरवतील, आणि राजाचा माणूस हत्यार घेऊन घाट चढणार नाही. बदल्यात भिलांनी घाटाची वाट राखायची, वाटसरूच्या केसाला धक्का लागू द्यायचा नाही. म्हातारा राजा होता तोवर दोन्हीकडून शब्द पाळला गेला.

म्हातारा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याला आमचा साग हवा होता. बापाचा शब्द बापाच्या चितेवर जळाला, असं तो म्हणाला म्हणे. पण हे घरात. डोंगरात त्याने दिवाणाला पाठवलं आणि निरोप दिला की करार नव्याने करू, आधीपेक्षा चांगला करू. सगळ्या पाड्यांच्या जाणत्यांनी माळावर यावं. जेवण राजाचं. शुभकार्य आहे, तेव्हा हत्यारं घरी ठेवावीत.

आधीपेक्षा चांगला, हे ऐकल्यावरच कान उभे राहायला हवे होते, असं आजा म्हणायचा. पण आमचा तेव्हाचा पुढारी गुमान नाईक सरळ मनाचा. शब्द देणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं आणि विश्वास ठेवावा, हीच त्याची रीत. त्याने पाड्यापाड्यांत सांगणं धाडलं. माणसांनी तीरकामठे घरात टांगले आणि ती रिकाम्या हातांनी माळावर आली.

दिवाण पूर्वेच्या सोप्या उतारावरून गाड्या घेऊन आला. गाड्यांत धान्य, गूळ, लुगडी. माणूस मोठा गोड. नाईकाला त्याने मिठी मारली, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, दोन दिवस इथेच राहतो म्हणाला.

ठुमली ही गुमानची बायको. ती पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. फिरता फिरता तिला दिसलं की गाड्यांचे बैल अजून जुंपलेलेच आहेत. उन्हात तोंडाला फेस आला होता, तरी कोणी जू उतरवत नव्हतं. दोन दिवस राहणारा माणूस आधी बैल सोडतो. ती नवऱ्याजवळ गेली आणि हळूच हे बोलली. गुमान म्हणाला, पाहुण्यावर संशय घेणं आपल्याला शोभत नाही. तिने रिकामी घागर खाली ठेवली आणि ती भर सभेत, दिवाणाकडे पाठ करून, घाटावरच्या कड्याकडे तोंड करून बसली.

दिवाणाचं हसू जरा आखडलं. गुमानने तिला वळून बसायला सांगितलं. ती वळली नाही.

"तू त्याचं तोंड बघ," ती म्हणाली, "मी आपला घाट बघते."

आणखी काही बायका उठल्या आणि तिच्या शेजारी तशाच बसल्या. दिवाणाने मनावर घेतलं नाही असं दाखवलं आणि बोलणं पुढे चालवलं. तो जितका गोड बोलत होता तितकी, म्हणे, पश्चिमेच्या घाटातली पाखरं उठत होती. आधी खाली, मग मधल्या वळणावर, मग आणखी वर. बायका काय ते समजल्या. राजाची फौज चढत होती.

ओरडावं तर गाड्यांत धान्याखाली तलवारी असणार, आणि समोर आपले पुरुष निःशस्त्र. तेव्हा ठुमलीने बायकांना सांगितलं, घागरी उचला आणि पाण्याला निघाल्यासारख्या जा. घराघरातून कामठे घेऊन मागच्या झाडीत या. सगळ्याच उठलो तर त्याला कळेल, म्हणून मी बसते.

बायका गेल्या. ती एकटी बसून राहिली. थोड्या वेळाने दिवाणाच्या ध्यानात आलं की पाण्याला गेलेल्या बायका परतल्या नाहीत, आणि ही बाई घाटावरून नजर काढत नाही. त्याने डोळ्याने खूण केली. त्याच्या एका माणसाने मागून येऊन तिच्या पाठीत भाला घातला.

ती पडली नाही. बसल्या जागी ताठ राहिली, डोळे उघडे. घाटाच्या शेवटच्या वळणावर आलेल्या फौजेने वर पाहिलं तर कड्यावर एक बाई त्यांच्याकडे एकटक बघत बसलेली. आपण दिसलो, वर सगळे तयार आहेत, असं समजून फौज जागीच थबकली. तेवढा वेळ पुरला. पुरुष झाडीकडे धावले आणि बायकांनी आणलेले कामठे त्यांच्या हातात आले. दिवाण परत खाली गेला नाही, आणि फौज उतरली ती पुन्हा चढली नाही.

गुमानने तिला उचलायला हात लावला तेव्हा ती दगड झाली होती, असं सांगतात. खालच्या गावांत ही गोष्ट वेगळी सांगतात. तिथे म्हणतात, बाई नवऱ्यावर रुसून बसली होती. म्हणू देत.

भिलांनी घाटाची वाट बंद केल्यावर राजाचा व्यापार बुडाला. शेवटी तो स्वतः आला, अनवाणी, आणि जुनाच करार जसाच्या तसा मान्य करतो म्हणाला. गुमान त्याच्यासमोर बसला, पण निम्म्या लोकांना त्याने पाठ करून बसवलं. राजाने विचारलं, "नाईक, अजून विश्वास नाही?"

"आहे," गुमान म्हणाला. "म्हणून तर निम्मे तुझ्याकडे तोंड करून बसलेत."

आजही तसंच चालतं. बोलणं संपलं की समोरचे सांगतात काय ऐकलं, पाठमोरे सांगतात काय दिसलं. दोन्ही जुळलं तरच ग्रामसभा हो म्हणते. मागच्या उन्हाळ्यात खाणीसाठी काही साहेब आले होते. गावाच्या संमतीशिवाय एक दगडही हलणार नाही, असं हात जोडून सांगत होते. त्याच वेळी समोरच्या डोंगरावर त्यांची माणसं खाणीच्या हद्दीच्या लाल झेंड्या रोवत होती. आम्ही भांडलो नाही. भाकरी खाऊ घातली आणि वाटेला लावलं. झेंड्या बायकांनी उपटून आणल्या.

तुम्ही म्हणालात, फक्त गोष्ट ऐकायला आलो. बरं. गोष्ट झाली. आता कशासाठी आलात ते सांगा, मी ऐकतो आहे. तिकडे बसलेल्या बायका वळून बघणार नाहीत. त्यांना तुमची गाडी आली तो रस्ता बघायचा आहे.