डावीकडचा समास

"मग आदर्श शाळा कशी असावी, बुवा?"

अच्युतबुवा पिंपात चुना ढवळत होते. त्यांनी त्यात चिमूटभर नीळ टाकली.

"कुणासाठी?"

"मुलांसाठी."

"मग मुलांना विचारा की. मला कशाला?"

केदार हुपरीकर हसला नाही. तो मुलीला घेऊन पुण्याहून पाच तास गाडी चालवून आला होता, आणि एवढा प्रवास केलेल्या माणसाला विनोद नको असतो, उत्तर हवं असतं. शिवाय त्याच्या पिशवीत या विषयावरचा त्याचाच अकरा पानांचा मसुदा होता. म्हणजे उत्तरही तसं त्याच्याकडे होतं. फक्त त्यावर कुणाची तरी मान हलायला हवी होती.

मठ वारणेच्या काठावर होता. बुवांनी ऐंशी ओलांडली होती आणि चौथीपर्यंतची शाळा केली होती. गावाच्या मते ते ज्ञानी होते, कारण ते कमी बोलत. ज्ञानी नसलेली माणसंही कमी बोलू शकतात, ही शक्यता गावाने कधी तपासली नव्हती.

केदार या गावचा जावई. त्याची बायको सुमेधा इथलीच. तिच्या आजोबांनी चाळीस वर्षं हा मठ झाडला होता.

त्याने बुवांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. बुवा ढवळत राहिले.

त्याची मुलगी सारंगी, वय वर्षं सात. दीड वर्षापूर्वी त्याने तिला शाळेतून काढलं होतं. शाळेने चाळीस मुलांकडून एकसारखे चाळीस मोर काढून घेतले होते. सारंगीच्या मोराने मान भलत्या बाजूला वळवली म्हणून तिला तो पुन्हा काढायला लावला होता. त्याच संध्याकाळी केदारने ठरवलं, की आपल्या मुलीचा मोर यापुढे त्याला वाटेल तिकडे बघेल.

मग घरातली एक खोली रिकामी झाली. तिथे रंग आले, तीन प्रकारची माती आली, लहान पेटी आली, त्याहून लहान तबला आला. भिंतीवर वेळापत्रक आलं. नऊ ते पावणेदहा स्वर, दहा ते अकरा रंग, सव्वाअकरा ते बारा स्वच्छंद. स्वच्छंदाची पंचेचाळीस मिनिटं संपली की केदार घंटा वाजवी. घंटा शाळेसारखी कर्कश नव्हती. ती तिबेटी होती.

दिवस चांगले गेले. मुलगी चित्रं काढी, गाई. केदारने तीन ठिकाणी व्याख्यानं दिली. आणखी पाच घरं आपापली मुलं शाळेतून काढायच्या बेतात होती.

आणि मग ती थांबली.

"कोण?" बुवांनी विचारलं.

"सारंगी. चित्र काढत नाही. गात नाही. वेळ झाली की येऊन बसते, घंटा झाली की उठते. दोन डॉक्टरांना दाखवलं. काही नाही म्हणाले. सहा आठवडे झाले, बुवा..."

हे सांगताना त्याचा आवाज व्याख्यानातला राहिला नव्हता.

बुवांनी पिंपावर फळी ठेवली.

सुमेधा इतके दिवस काही बोलली नव्हती. गेल्या आठवड्यात बोलली. घराजवळच्या शाळेत नाव घालायची शेवटची तारीख सोमवार आहे, तेवढंच. त्यावरून आठ दिवस भांडण झालं. अखेर दोघांनी एक मान्य केलं, की अच्युतबुवा म्हणतील तसं करायचं. सुमेधाने ते मान्य केलं कारण ती बुवांना ओळखत होती. केदारने मान्य केलं कारण तो ओळखत नव्हता. नदीकाठी राहणारा म्हातारा साधू मोकळ्या शिक्षणाच्याच बाजूचा असणार, असा त्याचा हिशेब होता.

आज शनिवार होता.

"तिला विचारलंत?" बुवा म्हणाले.

"विचारलं. घरी शिकायचं की शाळेत जायचं, तुझं तू ठरव म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, बाबा, तुम्हाला कुठलं उत्तर हवंय?"

बुवांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मी ते लिहून ठेवलंय," केदार घाईने म्हणाला. "स्वतंत्र विचाराची खूण म्हणून. तारखेसकट."

"कुठं लिहून ठेवलंत?"

केदार याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने पिशवीतून फाइल काढली. वीतभर जाडीची होती. तीनशे सात चित्रं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने लावलेली. प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात तारीख, माध्यम, लागलेला वेळ आणि चित्रामागची भावना. भावनेसाठी वेगळा रकाना होता. सरकारी कचेऱ्यांत जन्म गेलेल्या माणसांनीही अशी फाइल क्वचितच पाहिली असेल.

बुवांनी हात धोतराला पुसले आणि ती मांडीवर घेतली.

पहिलं चित्र सूर्याचं होतं. सूर्याच्या पोटात एक गोल भोक होतं.

दुसरं म्हशीचं. म्हशीचा डोळा असायला हवा तिथे भोक.

तिसऱ्यात आई होती. आईच्या गळ्यात एक भोक, पदरात दुसरं.

"ही भोकं कसली?"

"फाइलला लावायची. पंचिंग मशीनने पाडतो. चित्र पुरं झालं की लगेच लावायचं असा नियम आहे, नाहीतर कागद हरवतात."

बुवा पानं उलटत राहिले. सावकाश... एकही पान न सोडता. झाडाला भोक. होडीला भोक. एका मांजराच्या शेपटीवर भोक टळलं होतं, पण ते बहुधा मांजराच्या चपळाईने.

शंभराच्या पुढे कधीतरी भोकं दिसेनाशी झाली.

म्हणजे होती. पण आता ती कशातूनच जात नव्हती. चित्रं सगळी उजवीकडे सरकली होती. हत्ती होता, त्याला शेपटीपुरती जागा उरली नव्हती. आगगाडी होती, तिचं इंजिन कागदाबाहेर गेलं होतं. डावीकडे मात्र प्रत्येक पानावर दोन बोटं रुंदीची कोरी पट्टी होती. एका चित्रात समुद्र होता. तोसुद्धा त्या पट्टीपाशी येऊन सरळ रेषेत थांबला होता.

बुवांनी समुद्रावर बोट ठेवलं.

"हा समास कुणी शिकवला?"

केदार वाकून बघू लागला. त्या चित्राखाली त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. जलरंग, चाळीस मिनिटं, मुक्तता.

पट्टी त्याने आजवर पाहिली नव्हती.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे शिकवतच नाही, बुवा. तेच तर आमचं तत्त्व आहे. मूल जे शिकतं ते आपलं आपण..."

तो थांबला.

"आपलं आपण," बुवा म्हणाले.

बाहेर मुलांचा गलका चालू होता. मठाच्या आवारात कुणीतरी शिडी ओढत नेत होतं.

केदार म्हणाला, "चूक झाली. मी उद्याच दुसरी फाइल आणतो. प्लास्टिकच्या पारदर्शक खिशांची. भोक पाडावं लागणार नाही."

बुवांनी फाइल मिटून त्याच्या हातात दिली.

"घरी की शाळेत, ते तुम्ही सांगितलं नाही," केदार म्हणाला.

"ऊन भिंतीवर यायच्या आत चुना लागला पाहिजे," बुवा म्हणाले, आणि उठले.

मठाची नदीकडची भिंत लांबलचक होती. गावातली पोरं वर्षभर तिच्यावर कोळशाने, विटेच्या तुकड्याने, पाल्याच्या रसाने वाटेल ते काढत. त्यांना कुणी अडवत नसे आणि कुणी शाबासकीही देत नसे. वैशाखातल्या उत्सवाआधी तीच पोरं त्या भिंतीला चुना लावत. मग पुन्हा वर्षभर काढत. असं किती वर्षं चाललंय, ते गावात कुणाला माहीत नव्हतं.

केदार भिंतीसमोर उभा राहिला आणि क्षणभर सगळं विसरला. सात चाकांचा ट्रॅक्टर होता. मिशा असलेल्या बाई होत्या, हातात छडी. म्हशीच्या पोटाखाली निवांत बसलेला सूर्य होता. अर्धी भिंत तोवर पांढरी झाली होती.

त्याने बुवांकडे तासभर मागितला. एवढं सगळं असंच पुसून टाकणं बरं नव्हे, निदान फोटो तरी काढून ठेवतो, म्हणाला. बुवा म्हणाले, पोरांना विचारा.

दहा वर्षांची एक मुलगी, वैजू खोत, भिंतीवरल्या घोड्यावर कुंचा फिरवत होती. मागचे दोन पाय तेवढे उरले होते.

"अगं, थांब जरा. काय सुंदर घोडा आहे. कुणी काढलाय?"

"मीच की."

"मग पुसतेस कशाला?"

वैजूने त्याच्याकडे शहरातल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

"मग काय, वर्सभर घोडाच बघत बसायचं व्हय?"

घोडा गेला.

चुना लावायची त्यांची एक रीत होती. निम्मी पोरं बाकांवर उभी राहत, निम्मी त्यांच्या पुढ्यात खाली बसत. वरच्याचा कुंचा खाली येईल तेव्हा खालच्याचं डोकं बाजूला हवं, नाहीतर डोळ्यांत चुना. त्यासाठी सगळी मिळून पाढे म्हणत. आकडा म्हणताना कुंचा वर, उत्तराला खाली. बेचा पाढा झाला की तीनचा, तीनचा झाला की चारचा. शाळेत घोकलेले, वर्गातल्याच त्या रडक्या हेलात.

केदारच्या मसुद्यात तिसऱ्या पानावर पाठांतराविषयी एक परिच्छेद होता. त्यात 'अत्याचार' हा शब्द दोनदा आला होता.

सारंगी आल्यापासून कडेला उभी होती. तिच्या फ्रॉकला अजून डाग नव्हता. वैजूने न बघताच एक कुंचा तिच्या हातात कोंबला.

"इथं बस. उत्तर आलं की मान डावीकडं घे. न्हाईतर माझ्याकडनं डोक्यावर पडंल."

सारंगीने बापाकडे पाहिलं. मग बसली.

पाचचा, सहाचा, सातचा. ती ओठ मिटून कुंचा फिरवत होती. तिला पाढे येत नव्हते, घरी ते नव्हतेच. एकदा मान चुकली आणि केसांवर चुना पडला. वैजू हसली, बाकीची हसली. पाढा थांबला नाही.

नवाच्या पाढ्यापर्यंत तिचे ओठ हलू लागले.

बाराच्या पाढ्याला तिचा आवाज आला.

आधी इतरांच्या मागे एक क्षण. मग बरोबर. आणि मग कुणालाच न विचारता त्यांच्या वर. त्या रडक्या हेलाला तिने मध्येच एक वळसा घातला, वैजूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या ओळीला सगळ्यांनी तसाच वळसा घेतला.

"बारा पंचे पन्नास," सारंगीने खणखणीत आवाजात म्हटलं.

केदारचं तोंड उघडलं. 'साठ' त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याच क्षणी त्याचा हात खिशात मोबाइलकडे गेला. चुकीची दुरुस्ती आणि चुकीची नोंद, दोन्ही एकदमच निघाली होती.

अच्युतबुवा शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी चुन्याने काठोकाठ भरलेली बादली त्याच्यापुढे केली. बादलीला कडी नव्हती. ती दोन्ही हातांनी कवटाळूनच धरावी लागे.

"धरा."

त्याने धरली. चुना शर्टावर सांडला, पोटावरून खाली ओघळला. दुरुस्ती तोंडातच राहिली, मोबाइल खिशातच राहिला.

बारा सक, बारा सत्ते...

सारंगी कुंचा बुडवायला त्याच्यापाशी आली. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. उजव्या, मग डाव्या. दोन्ही गुंतलेले होते. मग तिने कुंचा खोल बुडवला, बादलीच्या काठावर निथळला, आणि पाढा न सोडता परत गेली.

ऊन भिंतीच्या टोकाशी आलं. केदारचे दंड भरून आले. बादली खाली ठेवावी की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ती ठेवली नाही.

मुलं तेराच्या पाढ्यावर गेली. तो कुणालाच धड येत नव्हता.

"बुवा," केदार म्हणाला. तो कुजबुजायला गेला होता, पण आवाज मोठा निघाला. "मी सुमेधाला काय सांगू? सोमवारी शाळा... की घर?"

बुवांनी भिंतीवरची नजर काढली नाही.

"हळू बोला, जावईबापू. तास चालू आहे."