धाकट्याचा तारा

हं, पाय आत घ्या आणि चुळबुळ पुरे. आणि तू गं, धाकट्याच्या अंगावरचं पांघरूण ओढू नकोस. मध्येच कुणी पाणी मागितलं तर मी गोष्ट तिथंच सोडून घोरायला लागेन, आधीच सांगून ठेवते.

तर एकदा असं झालं, वसईकडे समुद्राच्या अंगाला एक कौलारू घर होतं. घरात आई, बाबा, थोरला पास्कू आणि त्याची बहीण रेमी. रेमी म्हणजे शेंडेफळ, तिचा तोरा काय विचारता! अंगणात कुंडीत एक सुरूचं झाड होतं. रेमी रोज त्याला तांब्याभर पाणी घालायची, म्हणून ते झाड तिचं ऐकायचं. फक्त तिचंच, बरं का.

नाताळ आला की कुंडी उचलून घरात आणायची आणि सगळ्यांनी मिळून झाड सजवायचं. मग अगदी शेवटी, चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत, शेंड्यावर पतंगाच्या कागदाचा तारा लावायचा. तो मान घरातल्या धाकट्याचा. बाबा रेमीला उचलायचे, ती तारा लावायची, आणि वरूनच सगळ्यांकडे अशी बघायची की जणू गावची राणीच!

मग त्या वर्षी पावसाळ्यात घरात बाळ आलं. इनास त्याचं नाव. डोक्यावर केस नाहीत, तोंडात दात नाहीत, पण जो तो त्यालाच उचलणार. रेमीला कुणी उचलेना. "तू आता मोठी झालीस," म्हणायचे. कशी झाली मोठी? कालपर्यंत तर लहान होती ना बिचारी!

नाताळचा दिवस जवळ आला. घरात करंज्या तळल्याचा वास सुटला. कुंडी आत आली. पास्कूनं शिंपल्यांच्या माळा सोडल्या, आईनं रंगवलेली अंड्यांची टरफलं टांगली, रेमीनं लाह्यांची माळ गुंडाळली. थोड्या लाह्या तिच्या पोटातही गेल्या, ते जाऊ दे. मग रेमीनं ताऱ्यासाठी हात पुढे केला.

आई म्हणाली, "अगं वेडे, आता धाकटा इनास. तारा त्यानं लावायचा."

रेमीचे डोळे डबडबले. ती झाडाच्या मागे गेली आणि कानात सांगावं तसं हळूच म्हणाली, "वाढ रे झाडा, वाढ. त्याचा हात पुरू देऊ नकोस."

बाबांनी बाळाला उचललं, त्याच्या मुठीत तारा दिला. आणि काय सांगू, झाड हातभर वाढलं! बाबा म्हणाले, "अरेच्चा!" मग ते स्टुलावर चढले. रेमी पुन्हा पुटपुटली, "वाढ रे झाडा, वाढ." झाड पार आढ्याला टेकलं. मग बाबांनी शिडी आणली. बाळाला घेऊन वर चढले. रेमी तिसऱ्यांदा म्हणाली, "वाढ!"

धाडकन कौलं उडाली आणि झाड सुसाट वर निघालं. शिंपले वर, टरफलं वर, लाह्या वर. आणि बाळ? बाळानं एका हातात तारा आणि दुसऱ्या हातात फांदी धरली होती. बाळाची मूठ ती, धरलं की सुटते का? तेही गेलं वर.

आईनं टाहो फोडला. बाबांनी फांदीवर पाय ठेवला, फांदी मोडली. पास्कूनं ठेवला, तीही मोडली. "हे माझ्यामुळं झालं," रेमी रडत म्हणाली आणि झाडावर चढायला लागली. तिचं वजन ते काय, फांदी नुसती वाकली.

ती चढली, चढली. कावळ्यांच्या वर गेली. घारींच्या वर गेली. मग ढगातून वर गेली, केस सगळे ओले झाले. आणि बघते तर काय, शेंड्याच्या बेचक्यात बाळ मजेत बसलंय, ताऱ्याचं टोक चोखतंय! रेमीला बघून ते खुदकन हसलं आणि त्यानं तारा तिच्यापुढे धरला. शेंडा हातभर अंतरावर. बघायला कुणी नाही. लावला असता तारा, झाली असती परत राणी.

पण बाळानं फांदी सोडली आणि तिच्याकडे झेप घेतली. रेमीचा एक हात झाडाला, उरला एकच. तारा धरायचा की बाळ?

बाळच धरलं तिनं. घट्ट धरलं. तारा सुटला आणि वाऱ्यानं उडाला.

मग रेमी म्हणाली, "झाडा, आता लहान हो रे."

झाड म्हणालं, "वाढायला सांगितलंस, वाढलो. सगळं लहानपण त्यात संपलं बघ. तुझ्याकडे असेल तर दे."

होतं रेमीकडे. पावसाळ्यापासून जपून ठेवलं होतं, कुणाला द्यायचं नाही म्हणून. तिनं बाळाच्या टकलावर गाल टेकला आणि म्हणाली, "घे. मी आता धाकटी नाही. मी ताई."

सरसर, सरसर झाड खाली आलं. ढग वर राहिले, घारी वर राहिल्या, कावळे वर राहिले. रेमी बाळासकट आईच्या कुशीत. आईनं दोघांना एकदमच उचललं, आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

पण शेंडा रिकामा, आणि घंटेची वेळ झालेली. मग रेमीनं डोळे पुसले, पतंगाचा कागद घेतला, खळ घेतली, आणि स्वतः तारा केला. एक पाय आखूड, एक लांब. बाबांनी तिला उचललं, तिनं बाळाला उचललं, बाळाच्या मुठीत तारा दिला आणि मूठ शेंड्याशी नेली. लागला तारा! तेवढ्यात घंटा झाली.

तेव्हापासून त्या घरात तारा लावायचा धाकट्यानं, आणि बनवायचा त्याच्या ताईनं. उडालेला तारा कुठं गेला म्हणता? संध्याकाळी समुद्रावर पहिला दिसतो ना, तोच असेल. कौलं बाबांनी परत घातली, करंज्या सगळ्यांनी संपवल्या, आणि सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. मिटा डोळे.

अगंबाई! धाकट्याच्या अंगावर पांघरूण कुणी घातलं? आणि सगळंच्या सगळं त्यालाच? बरं बरं, मी काही बघितलं नाही. ये, तू माझ्या लुगड्यात शीर. झोप आता, ताई.